अनारसे हसले

अनारसा तुपात सोडल्याबरोबर विरघळून कढईभर पसरला, की ‘अनारसा हसला’ असं आपल्याकडे म्हणतात. हा शब्द ज्या गृहिणीला पहिल्यांदा सुचला, तिच्या विनोदबुद्धीचं मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे. आठ-दहा दिवसांची मेहनत, तांदूळ, गूळ, तूप, सगळं डोळ्यांदेखत फुकट जात असतं. कढईपुढं उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं. आणि तो मात्र खुशाल हसत असतो!

आमच्या सासूबाईंचे अनारसे कधी हसत नसत. १९९० साली मी कऱ्हाडच्या या घरात सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच दिवाळीत माझ्या ध्यानात आलं, की या घरात पंचांगाला जेवढा मान आहे त्याहून कणभर अधिकच मान सासूबाईंच्या फराळाच्या वेळापत्रकाला आहे. कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवशी अनारशांचे तांदूळ भिजत पडायचे. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून पंचावर पसरायचे, आणि अंगात थोडी ओल असतानाच दळून, चाळून, किसलेला गूळ घालून गोळे करून डब्यात भरायचे. ते मुरत ठेवले की चकलीच्या भाजणीकडे वळायचं. मग लाडू. मग करंज्या आणि शंकरपाळे. चकल्या आणि कडबोळी त्यानंतर, कारण तिखटा-ओव्याचा वास लागलेल्या तळणीत गोड पदार्थ पडता कामा नये. चिवडा सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला तर लक्ष्मी उंबऱ्यावरूनच परत फिरेल, अशा धाकानं आम्ही सगळ्याजणी वावरत असू. एकीकडे करंज्या तळताना दुसऱ्या शेगडीवरच्या दुधाकडे त्यांचं लक्ष असे, तिसरीकडे मोलकरणीनं किती भांडी घासली हेही त्यांना कळत असे, आणि चौथीकडे त्या मला माझ्या माहेरच्या करंज्यांना मुरड कशी नीट पडत नाही ते समजावून सांगत असत. पन्नास मजुरांवरच्या मुकादमाला जे साधणार नाही, ते त्यांना चार हात लांबीच्या स्वयंपाकघरात सहज साधत असे.

त्यांचे अनारसे पहिल्यांदा हसले ते २०१६ च्या दिवाळीत. पहिला हसला, दुसरा हसला, तिसराही हसला. सासूबाई कढईकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “यंदा तूपच बरं मिळालं नाही.” मी पिठाची कणी जिभेवर ठेवून पाहिली. गूळ जवळजवळ दुप्पट पडला होता. एकदा गूळ मिसळून त्या कशाला तरी उठल्या असाव्यात आणि परत येऊन पुन्हा मिसळला असावा. मी त्यात आणखी तांदळाचं पीठ घालून निम्मे अनारसे कसेबसे वाचवले. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी वाईट वाटलं नाही. उलट सव्वीस वर्षांनी का होईना, एकदा तरी त्यांचे बिघडले आणि मी सावरले, याचा एक बारीकसा, चोरटा आनंदच झाला. सून असलेल्या वाचक भगिनी मला समजून घेतील.

पुढच्या वर्षी मात्र सगळंच विस्कटलं. करंज्यांचं सारण तयार होऊन पडलेलं, पुरीचं पीठ भिजवलेलं, आणि सासूबाई तिसरंच बेसन भाजायला घेऊन, शेगडी चालू ठेवून बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसलेल्या. त्या विसरल्या म्हणावं, तर तसंही नव्हतं. “आई, करंज्या राहिल्यात ना?” असं विचारलं की “हो, राहिल्यात,” म्हणत. पण उठत मात्र नसत. त्यांच्या तोंडावर ना घाई, ना खंत. मला वाटलं, या मुद्दाम करताहेत. आपल्यावाचून घराचं किती अडतं ते दाखवताहेत. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी नणंद आणि तिची मुलं समोर असताना मी बोलून गेले, “आई, तुम्हाला करायचंच नसेल तर तसं सांगा. हे असं अर्धवट टाकून जाऊन बसू नका.”

एरवी त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, आणि ते मला चाललंही असतं. पण त्या काहीच बोलल्या नाहीत. पिठाचा हात पदराला पुसत राहिल्या, बराच वेळ. तो अबोला मी ताठा समजले.

मला दुसरं काही समजण्याचं कारण तरी काय होतं? त्यांची आठवण शाबूत होती. माझ्या लग्नात कुणी कोणत्या काठाचं लुगडं दिलं, कुणाच्या मुंजीत भात कच्चा राहिला, हे सारं त्यांना तारीखवार सांगता येत होतं. म्हातारपणी माणसाचं डोकं जातं म्हणजे त्याची आठवण जाते, अशीच माझी समजूत होती. बाकी बारीकसारीक गोष्टी दिसत होत्या, नाही असं नाही. चालताना त्यांच्या सपाता फरशीवर घासत. पाऊल उचललं न जाता सरकत असे. काही विचारलं, तर उत्तर यायला इतका वेळ लागे, की तोवर बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलेलं असे, आणि मग ते उत्तर मध्येच येऊन सगळ्यांना हसवी. रात्री न्हाणीघरापर्यंत पोचण्याची घाई होऊ लागली होती. पण या साऱ्याला आमच्याकडे एकच उत्तर होतं, ‘वय झालं.’ हे ‘वय झालं’ म्हणजे आपल्या घरांतलं मोठं सोयीचं कपाट आहे. त्यात काहीही कोंबता येतं, आणि दार लावून घेतलं की बाहेर सगळं नीटनेटकं दिसतं.

आता जरा मागं जायला हवं. १९९१ साली, माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, सासूबाईंची गर्भपिशवी काढायची ठरली. त्या तेव्हा पन्नाशीच्या होत्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांचा रक्तदाब तपासला, तो १८० वर ११० निघाला. शस्त्रक्रिया पुढं ढकलली, गोळ्या सुरू झाल्या, दाब उतरला, पिशवी निघाली, आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, की ही गोळी आता रोज, जन्मभर घ्यायची. सासूबाईंनी ती महिना-दीड महिना घेतली. नंतर त्यांना वाटलं, आपलं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, दोन्ही वेळा भाकरी गोड लागते; मग गोळी कशासाठी? उपासाच्या दिवशी त्यांनी ती आधी वगळली, मग सणावाराला, मग पाहुणे आले की. कधी मान धरली, गरगरलं, की दोन दिवस घ्यायच्या. दाब वाढला की आपल्याला आपोआप कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. तो बहुतेक वेळा कळतच नाही आणि त्यातच त्याचं सारं कसब आहे, हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं. खाण्यातही काही बदललं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ पुरे. म्हणजे चहाचा एक चमचा. आमच्याकडे ताटाच्या कडेला वाढलेलं मीठ, लोणच्याची फोड, पोह्याचा पापड आणि तळलेली सांडगी मिरची एवढ्यातच तो चमचा संपत असे, आमटी-भाजी वेगळीच.

कुणी आग्रह केला तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “आमच्या आईच्या वेळी कुठं होतं तुमचं ब्लडप्रेशर?” ते तेव्हाही होतंच. त्यांची आई पंचावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूनं गेली. तिच्यापाशी यंत्र नव्हतं एवढंच. यंत्र तसं जगात होतं. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीतल्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली काढली, आणि नळी लावून ठोके ऐकण्याची रीत १९०५ साली रशियातल्या कोरोत्कोव्ह यांनी घालून दिली. मोजता येऊ लागलं, पण उतरवता येईना. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १९४४ सालच्या मार्चमध्ये १८६ वर १०८ होता. म्हणजे आमच्या सासूबाईंच्या शेजारचाच म्हणायचा. डॉक्टरांपाशी त्यांच्यासाठी विश्रांती, अळणी जेवण आणि हृदयाचं एक जुनं औषध यापलीकडं फारसं काही नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी चित्रकर्तीसमोर बसले असताना त्यांचं डोकं भयंकर दुखू लागलं, ते कोसळले, तेव्हा दाब ३०० वर १९० भरला. त्याच दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. पुढं चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, असा निबंध विलायतेतल्या हृदयरोगाच्या मासिकात छापला, आणि साऱ्या जगाचे डोळे त्या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिचं सत्त्व वेगळं काढलं गेलं. १९५७ साली वकिलांना त्यासाठी अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं. त्या सत्त्वानं काहींचं मन उदास होतं असं दिसू लागल्यावर आणि अधिक चांगली औषधं हाती आल्यावर सर्पगंधा मागं पडली, हे खरं. पण गोळीनं दाब उतरतो, ही गोष्ट तोवर जगाला पटलेली होती. मला राहून राहून वाटतं, त्या वेळच्या जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती आमच्या स्वयंपाकघरात मेथीच्या बरणीमागं एकोणीस वर्षं पडून होती.

एकोणीस म्हणते, कारण २०१० साली आमच्या ‘ह्यां’नी दाब मोजायचं यंत्र घरी आणलं. हे पाटबंधारे खात्यात होते. मोजमापाची, नोंदवहीची त्यांना भारी हौस. त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही केली, रकाने आखले. पहिलीच नोंद १६८ वर ९६. तेव्हापासून सासूबाईंची गोळी कधी चुकली नाही. यंत्र घरात आल्यावर त्यांनाही त्याची गंमत वाटू लागली होती. शेजारणींना बोलावून बोलावून त्या त्यांचाही दाब मोजायला लावत. दाब हळूहळू दीडशेच्या आसपास आला. आणि २०१४ पासून आणखी एक नवल घडू लागलं. औषध तेच असताना दाब आपला आपणच उतरू लागला. १४०, १३०, १२४. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. २०१६ साली, ज्या दिवाळीत अनारसे हसले त्याच दिवाळीत, यांनी वहीतल्या ११८ या आकड्याला लाल शाईनं वर्तुळ केलं आणि आईपुढं पेढ्यांचा पुडा ठेवला. “आई, तू जिंकलीस!” म्हणाले. त्या वर्तुळाच्या पानाकडे आज बघवत नाही.

२०१९ साली सासूबाई अंगणात पडल्या. मोडलं काही नाही, पण निमित्त झालं आणि आम्ही त्यांना मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना तीन शब्द सांगून ते थोड्या वेळानं विचारले. एक आठवला, दोन आठवेनात. पण “एक फळ होतं, आजी,” असं सुचवल्यावर झटकन आठवलं. “म्हणजे आठवण आहे, ती काढून आणणारा हात थकलाय,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगितली. फाल्गुन, माघ, पौष इथवर आलं आणि सासूबाई थांबल्या. घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी वाटोळं गोल काढलं आणि बाराही आकडे उजव्या बाजूलाच दाटीवाटीनं बसवले. नंतर त्यांना खोलीभर चालायला लावलं. सगळं झाल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, “घरात यांचं काय बदललं, ते तुम्ही सांगा.” मी अनारशांची गोष्ट सांगितली. करंज्यांची सांगितली. झोपाळ्याची सांगितली. त्यांनी एवढ्या लक्षपूर्वक ऐकलं, की मला वाटलं, यांच्या घरी फराळ कोण करत असेल?

एमआरआयची चित्रं त्यांनी पडद्यावर दाखवली. करड्या रंगाच्या जमिनीवर कुणी चुन्याचा कुंचला झटकावा, तसे पांढरे शिंतोडे. मधोमध ते एकमेकांत मिसळून ढगासारखे झालेले. आणि खोलवर तीन-चार काळे ठिपके. मेंदूच्या तळाशी मोठ्या रक्तवाहिन्या असतात, डॉक्टर सांगू लागले. त्यांतून केसासारख्या बारीक वाहिन्या काटकोनात निघून खोल आत जातात. मोठ्या वाहिनीतला जोर वर्षानुवर्षं त्यांच्यावर आदळत राहिला, की त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, आतली वाट अरुंद होते, काही बुजतात. आणि या वाहिन्या ज्या भागाला रक्त पुरवतात त्याला दुसरीकडून मदत येत नाही.

हे एवढा वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, “म्हणजे टेलला पाणी पोचत नाही.”

डॉक्टर थांबले. यांनी आपली सारी नोकरी कालव्यावर काढलेली. मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका, शेवटी शेतचारी. हेडला पाणी इतक्या जोरात येतं, की दारं उखडतात, काठ खचतात; त्याच वेळी टेलच्या शेतकऱ्याचं रान भेगाळलेलं असतं, आणि तो अर्ज घेऊन कचेरीत आलेला असतो. “अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाले. “हे पांढरं दिसतंय ना, ते टेलचं रान.”

त्या रानात असतात काय, तर मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारा. विशेषतः कपाळामागचा जो भाग कामाचा क्रम लावतो, एका कामावरून दुसऱ्यावर जातो, ‘आता ऊठ’ असं माणसाला आतून सांगतो, त्याचे धागे तिथून जातात. ते कुरतडले गेले, की आठवणी कोठीत तशाच राहतात, पण मुकादम जागा सोडून जातो. ते काळे ठिपके म्हणजे बुजलेल्या वाहिन्यांमागं उरलेले बारीक खळगे. त्यांना लॅटिनमधल्या डबक्याच्या शब्दावरून लॅक्यून म्हणतात. १९६० नंतरच्या काळात मिलर फिशर नावाच्या कॅनेडियन डॉक्टरांनी मृतांचे मेंदू तासून तासून पाहिले आणि या डबक्यांचं नातं रक्तदाबाशी जोडून दाखवलं. यातला एकही खळगा पडताना सासूबाईंना कळलं नसेल. कदाचित एखादा त्या मला मुरड शिकवत असतानाच पडला असेल.

याला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. हा शब्द मला फसवा वाटतो. गीतेत स्मृतिभ्रंशानं बुद्धिनाश होतो असा क्रम सांगितला आहे. आमच्या घरात तो उलटा आला. क्रम लावणारी बुद्धी आधी गेली, आणि स्मृती बिचारी उंबऱ्याशी शेवटपर्यंत बसून राहिली. या शब्दानं मला चुकीच्या दारावर पहारा द्यायला बसवलं होतं. अर्थात सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पुष्कळांच्या मेंदूत अल्झायमरचा रोग आणि हा वाहिन्यांचा रोग हातात हात घालून चालतात, आणि कोणाचा वाटा किती हे डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. सासूबाईंच्या बाबतीतही त्यांनी ती पुस्ती जोडलीच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भारतातल्या साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या किती घरांत ‘मुद्दाम करतात’ हे वाक्य बोललं गेलं असेल, याची पाहणी अजून कुणी केलेली नाही.

पण मला खरा धक्का बसला तो वहीवरून. यांनी वही बरोबर नेली होती. डॉक्टरांनी ती चाळली, लाल वर्तुळापाशी बोट ठेवलं आणि विचारलं, “हे काय?” यांनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टर क्षणभर बोलले नाहीत. मग हळू आवाजात त्यांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातली एक गोष्ट सांगितली. तिथं सत्तर वर्षांच्या माणसांवर पुढची पंधरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. १९९६ साली त्याचा अहवाल आला. ज्यांना ऐंशीच्या आसपास डिमेन्शिया झाला, त्यांचा दाब सत्तराव्या वर्षी इतरांपेक्षा जास्त होता. मात्र रोग दिसू लागण्याच्या आधीच्या वर्षांत तो खाली येत गेला होता. मेंदू झिजू लागला की दाबही उतरू लागतो. म्हणजे आम्ही पेढे वाटले, ते कालव्याचं पाणीच आटत चाललं म्हणून.

“मग गोळ्या घेऊन उपयोग काय?” यांनी जरा चिडूनच विचारलं. उपयोग आहे, पण तो कधी सुरू केला त्यावर आहे, हे त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं आणि पुढं मीही जमेल तसं वाचत गेले. त्याच २०१९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष आला होता. पन्नाशीपुढची ९,३६१ माणसं. निम्म्यांचा वरचा दाब १४० च्या खाली ठेवला, निम्म्यांचा १२० च्या खाली. दुसऱ्या गटात बुद्धीची पहिली घसरण सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी झाली, आणि ज्यांच्या मेंदूची चित्रं काढली त्यांच्यात ते पांढरे शिंतोडेही कमी वाढले. पुऱ्या डिमेन्शियाबाबत मात्र तेव्हा ठामपणे बोलता आलं नाही. प्रयोग लवकर थांबला होता. ती उणीव २०२५ साली चीनच्या खेड्यांनी भरून काढली. ३२६ खेडी, जवळजवळ ३४,००० माणसं, चाळिशीपासून पुढची. आणि औषध देणारे कुणी मोठे तज्ज्ञ नव्हेत, तर गावातलेच साधे वैदू-डॉक्टर, दाब मोजून, ठरल्या पायऱ्यांनी गोळी वाढवणारे. चार वर्षांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी! हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. चार वर्षं. आमच्यापाशी एकोणीस होती.

सासूबाईंची गोळी आता डॉक्टर फार जपून देतात. या वयात दाब फार उतरूनही चालत नाही. उठताना घेरी येते, माणूस पडतं. गेलेलं रान परत भिजत नाही. जे उरलंय त्याला पाणी पुरवत राहायचं, एवढंच. त्या आज चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. आता नावंही निसटू लागली आहेत. मला त्या कधी माझ्या नावानं हाक मारतात, कधी आपल्या धाकट्या बहिणीच्या. त्या संध्याकाळच्या माझ्या बोलण्याबद्दल मी मिरजेहून परतताना गाडीतच त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “कशाबद्दल गं?” त्यांना खरंच आठवत नव्हतं, की सासूबाईंनी मला सोडून दिलं, हे मला अजून कळलेलं नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती लिहावी की नाही असं बराच वेळ मनात चाललं होतं. हे आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. यांचा दाब १५२ वर ९४ आहे. त्यांना गोळी दिलेली आहे. टेलचं रान ज्यांनी डॉक्टरांना समजावून दिलं, आईच्या वहीत ज्यांनी नऊ वर्षं एकही रकाना कोरा सोडला नाही, त्यांना स्वतःची वही नाही. विचारलं की म्हणतात, “अगं, मला काही होत नाही.” मी म्हणते, “अहो, आईंनाही काही होत नव्हतं.” ते म्हणतात, “आईचं वय झालं होतं.” मी म्हणते, “पन्नास?” मग ते वर्तमानपत्र उघडतात. परवा मी औषधाची पट्टी मोजली. सहा गोळ्या उरायला हव्या होत्या, अकरा होत्या. पाच दिवसांचा हिशेब कालव्याच्या माणसाला विचारावा, तर तो म्हणतो, “प्रवासात राहिल्या.” पाच दिवसांत ते भाजी आणायला मंडईपर्यंत गेले होते.

यंदाही कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी तांदूळ भिजत घातले. पीठ मुरलं, आणि काल अनारसे करायला घेतले. सासूबाईंना खुर्ची आणून स्वयंपाकघरात बसवलं आणि केळीच्या पानावर खसखस पसरून एक गोळी त्यांच्या हातात दिली. क्रम हरवला, तरी बोटं काही विसरली नव्हती. त्यांनी ती अलगद, कडेनं कडेनं थापत नेली, गोल, सारख्या जाडीची; मला इतकी वर्षं झाली, तरी तशी जमत नाही.

“गूळ घातलास का?” त्यांनी विचारलं.

“घातला, आई.”

थोड्या वेळानं पुन्हा, “गूळ घातलास का?”

“घातला.”

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. त्या म्हणाल्या, “मग परत घालू नकोस हो. हसतात.”

पहिला अनारसा तुपात सोडला. जाळी सुटली, खसखशीची बाजू वर, झाऱ्यानं तूप उडवलं, हसला नाही. वासानं हे आत आले, ताटातला एक उचलायला हात पुढं केला. मी त्या हातावर आधी गोळी ठेवली आणि पाण्याचा पेला पुढं केला.

“फराळ झाल्यावर घेतो की,” म्हणाले.

मी शेगडी बंद केली आणि पेला घेऊन तिथंच उभी राहिले.